नावे बाजू

दार खांद्यानं ढकला. धुक्यानं फुगतं ते.
तिकीट नाही. बरणीत वाटेल ते टाका.
काल एकानं दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा ठेवला,
तोही आम्ही वहीत नोंदवून घेतला.

पूर्वी इथं शाळा होती. त्याआधी खारवलेल्या माशांचं कोठार.
हवा दमट असली की भिंती अजून
शाळेआधीचंच काहीतरी बोलतात, नाकाशी.

हा फोटो बघा. घर तरंगतंय.
नाही, पूर नव्हे. सरकार म्हणालं, केटल बेट सोडा,
तिथं डॉक्टर पोचत नाही, मास्तर टिकत नाही.
मग घराच्या कमरेला रिकामी पिंपं बांधली,
पुढे सहा होड्या, आणि भरतीची वाट पाहिली.
खिडकीत पडदा दिसतो ना? आईनं काढू दिला नाही.
म्हणाली, बघणाऱ्याला कळू दे, आत माणसं राहतात.
चौदा कपांतला एकच फुटला.
तो त्या फळीवर आहे. तेरा माझ्या स्वयंपाकघरात.

हे काय असावं, आम्हाला माहीत नाही.
लाकूड, एक खाच, तीन खिळे.
शेजारी चिठ्ठ्यांची पेटी ठेवलीय:
जाळं विणायचं. लोणी थापायचं.
'आजोबा मला यानंच मारायचे', हे
थरथरत्या, म्हाताऱ्या अक्षरात.

आता इकडे या, काचेपाशी.
व्यापाऱ्याची खतावणी. एकोणीसशे एकतीस ते अडतीस.
रोकड इथं कुणी पाहिलीच नव्हती.
वसंतात पीठ, काकवी, चहा, सुतळी, गळ: नावे.
शरदात वाळवलेला कॉड: जमा.
भाव त्याचा, तराजू त्याचा.
समुद्रात नाव बुडाली तरी वहीत नाव राही,
आणि राहिलेल्या नावापुढे
नावे रक्कम.
बाप गेला की बेरीज मुलाच्या पानावर ओढून आणायची,
पुढे आम्ही घरं आणली तशीच.

वही गावाकडे आली तेव्हा भांडण पेटलं.
झाकून ठेवा, म्हणाले काही. जाळा, म्हणाला लिअँडर पार्डी,
त्याचे हात तेव्हा टेबलाखाली होते.
शेवटी ठरलं: दर सोमवारी एक पान उलटायचं.
एकेका घराची उधारी एकेक आठवडा.
पाळी चुकवायची नाही, कुणाचीच.
आमचं पान जुलैत आलं. त्या आठवड्यात
मी काच जरा जास्तच पुसली.

ऑगस्टात अल्बर्टाहून एक बाई आली,
तिकडे तेलाच्या कंपनीत क्रेन चालवते.
आजोबांचं पान लागलंय म्हणून मुद्दाम आलेली.
अझराया कीपिंग. बारा डॉलर चाळीस सेंट.
शेवटची नोंद: बूट, मुलाचे, एक जोड.
'ते माझे वडील,' ती म्हणाली,
आणि बराच वेळ त्या बुटांपाशीच उभी राहिली.
मग पर्स उघडली. बारा डॉलर मोजले.
चाळीस सेंटांसाठी गाडीपर्यंत जाऊन आली.

व्यापारी नाही, दुकान नाही, कॉडसुद्धा नाही.
पण मी घेतले. नको कोणत्या तोंडानं म्हणणार?
खतावणीत काही लिहायला मनाई आहे,
पेन्सिलीनंही नाही. नियम मीच टाइप केलाय.
म्हणून वेगळ्या कागदावर पावती फाडली.
तिनं ती नेली नाही. काच उचलायला लावली,
अझरायाच्या पानाला खेटून ठेवली.

सोमवारी पान उलटलं, ठरल्याप्रमाणे.
पावती आहे तिथंच आहे.
या आठवड्यात ती लिअँडरच्या बापाशेजारी.
काढून ठेव, असं अजून तरी
मला कुणी म्हटलेलं नाही.
लिअँडर परवा आला होता. चष्मा विसरलो म्हणाला,
तरी वाचत होता.

हां, आणि ती शाळेची घंटा.
वाजवा ना. हात लावू नका ही पाटी
कपाची आहे, तिची नव्हे.